नाव शोधणे मोफत, मग पैसे जातात कुठे?

बाड आरोल्झेन हे मध्य जर्मनीतले, कासेल शहराजवळचे छोटे गाव. नाझी राजवटीने ज्यांना छळले, गुलामासारखे राबवले, मारले, आणि युद्ध संपल्यावर जे बेघर उरले अशा सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांच्या नोंदी तिथल्या अभिलेखागारात आहेत. आपल्या माणसाचे नाव तिथे शोधून घ्यायला एक पैसाही लागत नाही. अर्जाची फी नाही, शोधाची नाही, सापडलेल्या कागदांच्या स्कॅन प्रती ईमेलने येतात त्यांचीही नाही. हे अभिलेखागार जर्मन सरकारच्या पैशावर चालते आणि पीडितांच्या कुटुंबांना माहिती देणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे.

ही गोष्ट आधीच ठसवून सांगतो, कारण अनेक जण नेमके इथेच पैसे घालवतात. कोणी ‘युरोपातल्या अभिलेखागारांत शोध’ म्हणून ठोक रक्कम सांगितली, तर त्यातले त्यांचे स्वतःचे काम किती आणि आरोल्झेनच्या कर्मचाऱ्यांचे फुकट मिळणारे काम किती, हे लेखी मागा. उत्तर गुळमुळीत आले तर पुढे जाऊ नका.

महाराष्ट्रात हे कोणाला लागते? १९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया इथून जीव वाचवून निघालेले काही ज्यू मुंबईला उतरले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन उभी राहिली. कोणी डॉक्टर, कोणी दंतवैद्य, कोणी व्यापारी, कोणी कलावंत. संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ ते १९४६ मुंबईत होते आणि आकाशवाणीची सकाळची ओळखीची धून त्यांच्या नावावर आहे. युद्ध सुरू झाल्यावर यांतले बरेच जण ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले आणि ज्यांच्या राज्यातून ते पळाले होते त्या नाझींच्याच बरोबरीने अहमदनगर, देवळालीच्या छावण्यांत आले. पुरंदर आणि सातारा इथेही नजरकैदेची ठिकाणे होती. त्यांच्यापैकी काही इथेच राहिले, काहींनी इथे लग्ने केली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज मुंबई-पुण्यात आहेत. शिवाय इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरांत युरोपीय ज्यूंशी सोयरिकी झाल्या आहेत, आणि सासरच्या आजोबांचे काय झाले हे विचारणारी पिढी मराठीही बोलते. अभ्यासक, नाटककार, इतिहासाचे शिक्षक वेगळेच.

ही सेवा मोफत असण्यामागे इतिहास आहे. जर्मनी सोडणाऱ्यांवर १९३१ मध्ये बसवलेला २५ टक्के ‘पलायन कर’ नाझींनी ज्यूंच्या लुटीचे हत्यार केला. २६ एप्रिल १९३८ च्या वटहुकमाने ५,००० मार्कांहून जास्त मालमत्ता असणाऱ्या प्रत्येक ज्यूला ती सरकारदरबारी लिहून द्यावी लागली. त्या नोव्हेंबरात सिनेगॉग जाळली गेली, दुकाने फोडली गेली, आणि वर ज्यूंवरच १०० कोटी मार्कांचा दंड बसला. २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने देशाबाहेर असलेल्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व आणि मालमत्ता एकाच फटक्यात गेली. मुंबईत पोहोचलेले निर्वासितही त्यात आले. ज्यांच्याकडून प्रत्येक शिक्क्याचे पैसे उकळले गेले त्यांच्या वारसांना स्वतःच्या कागदांसाठी आज पैसे मोजावे लागू नयेत, ही साधी न्यायाची गोष्ट आहे. तीही सहज मिळालेली नाही. आरोल्झेनची दारे अभ्यासकांना २००७ अखेर उघडली. त्याआधी कितीतरी कुटुंबांनी उत्तराची वाट पाहण्यात वर्षे काढली आणि वाट पाहतापाहता माणसे गेली.

फुकटचे काम आधी संपवा

अर्ज करण्यापूर्वी एका कागदावर घरची माहिती मांडा: पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावे, धंदा, शेवटचा माहीत असलेला पत्ता. जन्मतारीख अचूक असेल तर अर्धे काम झाले, कारण एकाच नावाची शेकडो माणसे आहेत. आजीच्या तोंडून ऐकलेले गावाचे नाव आजच्या नकाशावर सापडेलच असे नाही. ब्रेसलाऊ आता व्रोत्स्वाफ आहे, लेमबर्ग ल्विव्ह आहे, प्रेसबुर्ग म्हणजे ब्रातिस्लाव्हा. दोन्ही नावे लिहा.

आडनावाच्या वर्णलेखनावर अडून बसू नका. पोलिश कारकुनाने एका तऱ्हेने, जर्मनाने दुसऱ्या आणि अमेरिकी सैनिकाने तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले आडनाव एकाच माणसाचे असते. म्हणूनच आरोल्झेनची नावांची सूची उच्चारानुसार लावलेली आहे. आणखी एक: १ जानेवारी १९३९ पासून जर्मनीतल्या ज्यू बायकांच्या नावात ‘सारा’ आणि पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’ जबरदस्तीने घुसवले गेले. सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत ज्याचे नाव नव्हते अशा प्रत्येकाला ते लागू होते. त्यामुळे १९३९ नंतरच्या कागदावर पणजीच्या नावापुढे सारा दिसले तर ती दुसरी बाई समजून कागद बाजूला टाकू नका. आणि तुम्ही भरायच्या अर्जात ते नाव लिहू नका. ते तिचे नव्हते.

आरोल्झेनच्या संग्रहाचा मोठा भाग २०१९ पासून संकेतस्थळावर आहे. आधी तिथे स्वतः शोधा आणि मग अर्ज टाका, कारण ऑनलाइन नसलेले कागदही कर्मचारी पाहतात. उत्तराला काही महिने लागतात. हयात पीडितांच्या अर्जांना अग्रक्रम असतो आणि तो असायलाच हवा. घाई असेल तर याच संग्रहाच्या डिजिटल प्रती जेरुसलेम, वॉशिंग्टन, लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, वॉर्सा आणि लक्झेंबर्ग इथे ठेवलेल्या आहेत. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाचे शोधकेंद्र पीडितांसाठी आणि कुटुंबांसाठी मोफत शोध करून देते. लंडनच्या वीनर होलोकॉस्ट ग्रंथालयातही हे काम होते. हे ग्रंथालय आल्फ्रेड वीनर यांनी १९३३ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू केले आणि १९३९ मध्ये लंडनला हलवले, म्हणजे छळ चालू असतानाच त्याचे पुरावे तिथे गोळा होत होते.

जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेची मृतांच्या नावांची सूची सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली आहे आणि ती घरबसल्या फुकट पाहता येते. जर्मनीतून नेलेल्यांसाठी जर्मन संघीय अभिलेखागाराचा ‘स्मृतिग्रंथ’ संकेतस्थळावर आहे. त्यात बहुतेक नावांपुढे राहण्याचे ठिकाण, कोणत्या दिवशी कुठून कुठे नेले, असा तपशील असतो. प्राग किंवा तेरेझिनचा संबंध असेल तर चेक होलोकॉस्ट संकेतस्थळ बघा, तिथे मूळ कागदांच्या प्रतिमाही आहेत. व्हिएन्नाच्या घरांसाठी ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय निधीची शोधसूची आहे आणि १९३८ ची मालमत्ता-पत्रके कुठल्या अभिलेखागारात आहेत ते तिच्यावरून कळते. कुटुंबाला अमेरिकी ज्यू मदतसंस्थेची, म्हणजे ‘जॉइंट’ची मदत मिळाली असेल तर त्यांचीही नामसूची मोफत आहे. वंशावळीच्या एका मोठ्या व्यावसायिक संकेतस्थळावर आरोल्झेनचे काही संग्रह ठेवलेले आहेत. तेही फुकट पाहता येतात, त्यांच्यासाठी वर्गणी भरू नका.

हे सगळे मिळून खर्च शून्य रुपये आणि काही संध्याकाळी.

कागद हातात आल्यावर

आरोल्झेनहून येणारी फाइल उघडली की बहुतेकांचा गोंधळ होतो. संक्षेप, शिक्के, आकडे, अनोळखी रकाने. हे कागद कसे वाचायचे ते सांगणारी सचित्र मार्गदर्शिका आरोल्झेनने संकेतस्थळावर ठेवली आहे, तीही इंग्रजीत आणि फुकट. तिच्याकडे न बघता भाषांतरकाराकडे धावणारे दुप्पट पैसे देतात.

दोन कागदांची ओळख इथेच करून देतो. पहिला बुखेनवाल्डसारख्या छावणीतले सामान-कार्ड. कैदी आत येताच त्याच्या अंगावरचे काय काय काढून घेतले त्याची ही छापील यादी: टोपी, कोट, पँट, सदरा, गंजीफ्रॉक, बूट, मोजे, टाय, हातरुमाल, घड्याळ, अंगठी. प्रत्येकापुढे नग लिहायची जागा आणि खाली कैद्याची सही. बऱ्याच कुटुंबांना आपल्या माणसाची सही पहिल्यांदा दिसते ती याच कार्डावर. हे कार्ड वाचायला भाषांतरकार लागत नाही, साध्या शब्दकोशावर काम होते.

दुसरा युद्धानंतरचा, विस्थापितांच्या छावणीतला. जर्मनी पडल्यावर दोस्त सैन्याने लाखो लोकांची कार्डे भरली. नाव, वय, धर्म, सांगितलेले राष्ट्रीयत्व, १ जानेवारी १९३८ रोजीचे राहण्याचे ठिकाण, धंदा, येणाऱ्या भाषा (जी जास्त चांगली येते ती आधी), आणि एक रकाना: कुठे जायचे आहे. या रकान्यात कोणी पॅलेस्टाइन लिहिले, कोणी अमेरिका, कोणी आपले जुने गाव. नंतरच्या मदत-अर्जांत मागच्या कित्येक वर्षांचा मुक्काम आणि काम ओळीने नोंदवलेले असते. घरी कोणी कधी न बोललेली वर्षे तिथे अर्जदाराच्याच शब्दांत सापडतात. पैसे खर्चून कुठला कागद शब्दशः भाषांतरित करून घ्यायचाच असेल तर हा घ्या.

छावणीच्या मृत्युनोंदी वाचताना सावध राहा. ऑशविट्झच्या वाचलेल्या मृत्युवह्यांत जुलै १९४१ ते डिसेंबर १९४३ या काळातल्या सुमारे ६९,००० नोंदी आहेत आणि त्यांत हृदयविकार, न्यूमोनिया अशी कारणे पानोपान लिहिली आहेत. मारलेल्या माणसाच्या नावापुढेही तीच लिहिली जात. घरच्या वंशावळीत तारीख घ्या, कारण उतरवून घेऊ नका.

काहीच सापडले नाही, असेही उत्तर येते आणि ते फार जिव्हारी लागते. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक इथे उतरवलेल्या लोकांची कार्डे बनवलीच गेली नाहीत, ऑशविट्झच्या फलाटावरून थेट गॅसकक्षात नेलेल्यांचीही नाहीत. गावोगावी गोळ्या घालून मारलेल्या लोकांची नावे कोणत्याच छावणीच्या वहीत नसतात. शिवाय पराभव दिसू लागल्यावर नाझींच्या एसएस दलाने ढिगाने कागद जाळले. अशा माणसाचा शेवटचा कागद म्हणजे त्याला घेऊन गेलेल्या रेल्वेगाडीची यादी: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, पत्ता. म्हणून शोध छावणीच्या नावाने अडला तर राहत्या शहराच्या नावाने पुन्हा करा. ‘नोंद नाही’ हे उत्तर दाखवून कोणी जास्त पैशात ‘खास शोध’ सुचवत असेल तर कोणत्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाच्या फायली पाहणार, ते विचारा.

पैसे लागणारा टप्पा

खरा खर्च सुरू होतो तो जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी, राज्य अभिलेखागारातल्या फायली आणि भाषांतर यांपासून.

जर्मनीतली जन्मनोंद ११० वर्षे, विवाहनोंद ८० वर्षे आणि मृत्युनोंद ३० वर्षे निबंधक कार्यालयात असते, मग त्या त्या अभिलेखागारात जाते. अर्ज चुकीच्या दारी गेला तर आठवडे वाया जातात, म्हणून आधी वर्षे मोजा. एका दाखल्याला साधारण १० ते २० युरो पडतात. दर राज्याराज्यांत वेगळे आहेत, त्यामुळे पैसे पाठवण्याआधी कार्यालयाला ईमेल टाकून रक्कम लेखी घ्या. परदेशी व्यवहारावर तुमची बँक वेगळे शुल्क लावते. दोन-तीन दाखले एकाच वेळी मागितले तर ते एकदाच बसते.

राज्य अभिलेखागारांत दोन प्रकारच्या फायली बघण्यासारख्या असतात. एक, जप्तीच्या. गाडीत बसवण्याआधी प्रत्येक कुटुंबाकडून घरातल्या वस्तूंची कित्येक पानी यादी भरून घेत: पलंग किती, चादरी किती, पडदे किती, मुलांचे कपडे किती. माणसे गेल्यावर त्यांच्या गॅसचे, विजेचे थकलेले बिल आणि घरभाडे वीज कंपनी आणि घरमालक सरकारकडे मागत, आणि ती पत्रेही त्याच फायलीत लावलेली असतात. बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या अशा हजारो फायली पोट्सडामच्या अभिलेखागाराने संकेतस्थळावर खुल्या केल्या आहेत. त्या बघायला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या फायली नुकसानभरपाईच्या. पश्चिम जर्मनीने १९५३ मध्ये आणि मग १९५६ मध्ये भरपाईचे कायदे केले. छावणीत किंवा घेट्टोत काढलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला १५० मार्क, असा त्यात दर होता. त्यासाठी वाचलेल्या माणसाला सगळे पुन्हा कागदावर सिद्ध करावे लागे: साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे, डॉक्टरांचे अहवाल, शाळा सुटल्याचा पुरावा, दुकानाची उलाढाल, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली जीवनकथा. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याकडे पावत्या मागितल्या गेल्या. या फायली वाचताना राग येतो, आणि यावा. पण कुटुंबाला एवढा सविस्तर कागद दुसरीकडे कुठे मिळत नाही. मुंबईला आलेल्या निर्वासिताने असा दावा केला असेल तर भारतातली वर्षेही त्यात असण्याची शक्यता आहे. जर्मनीच्या अभिलेखागारांच्या सामाईक संकेतस्थळावर २०२२ पासून भरपाईच्या कागदांसाठी वेगळे दालन आहे, शोध तिथून सुरू करा. सूची पाहणे मोफत, स्कॅन मागवले तर पानामागे आकार, कर्मचाऱ्याकडून शोध करून घेतला तर वेळेनुसार आकार. छळ झालेल्यांच्या कुटुंबांना काही ठिकाणी सवलत किंवा माफी मिळते, पण ती मागावी लागते. अर्जात नाते आणि कारण स्पष्ट लिहा.

व्यक्तीच्या फायली सरसकट खुल्या नसतात. जर्मनीच्या संघीय कायद्यात माणूस मरून १० वर्षे झाल्यावर, आणि मृत्यूची तारीख माहीत नसेल तर जन्मापासून १०० वर्षांनी फाइल खुली होते. राज्यांचे नियम थोडे वेगळे. मृत्यूचा दाखला जवळ असेल तर सोबत जोडा, फाइल लवकर उघडते. मुंबईत वारलेल्या आजोबांचा महापालिकेचा दाखला त्यासाठी चालू शकतो.

मोठी रक्कम जाते ती भाषांतरात. जर्मनीत भाषांतराचा हिशेब सहसा ५५ अक्षरांच्या ओळीवर होतो. न्यायालयीन कामासाठी २०२१ मध्ये ठरवलेला मूळ दर ओळीला १.८० युरो होता. या दराने ३० ओळींचे पान ५४ युरोंना पडते. युरो १०० रुपयांना धरला तर पानाला ५,४०० रुपये. भरपाईची फाइल ८० पानांची असेल आणि तुम्ही ती उचलून जशीच्या तशी दिलीत, तर ४,३२,००० रुपये. म्हणून फाइल कधीही सरसकट देऊ नका. टंकलिखित पाने आधी मोबाइलमधल्या भाषांतर-ॲपमधून काढा आणि प्रत्येक पान कशाबद्दल आहे एवढे ओळखा. मग जीवनकथा, प्रतिज्ञापत्र, अंतिम निकाल अशी निवडक पाने माणसाकडून करून घ्या. शपथबद्ध भाषांतरकार फक्त सरकारी कामाला लागतो. घरच्यांना वाचायला चांगला जाणकार पुरे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जर्मन शिकलेल्यांची पिढ्यांची परंपरा आहे, तिथे चौकशी करा आणि शब्दामागे किंवा पानामागे दर लेखी घ्या.

एक अडचण मात्र जर्मन येणाऱ्यालाही येते. जुनी हस्ताक्षरे कुरेंट किंवा झ्युटरलीन वळणाची असतात. आज जर्मन शिकलेल्या बहुतेकांना ती वाचता येत नाहीत. दर ठरवण्याआधी एका पानाचा फोटो पाठवून ‘हे वाचता येईल का?’ असे सरळ विचारा. हस्ताक्षर ओळखणारी ट्रान्सक्रिबस नावाची संगणक सेवा आहे, तिच्यात काही पाने मोफत करून बघता येतात. जर्मनीत अशी अक्षरे हौसेने वाचून देणारी वयस्क मंडळीही आहेत आणि स्थानिक इतिहास मंडळांना लिहिले तर अनेकदा मदत मिळते.

नागरिकत्वासाठी कागद हवे असतील तर

काही घरांना हे कागद जर्मन किंवा ऑस्ट्रियन नागरिकत्वासाठी लागतात. जर्मन मूलभूत कायद्याच्या ११६ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली, नागरिकत्व हिरावलेल्यांच्या वंशजांना ते परत मागता येते. ऑगस्ट २०२१ पासून आणखी एक तरतूद आली. छळापायी देश सोडून गेलेल्या आणि मग परकीयाशी लग्न केल्याने किंवा दुसरे नागरिकत्व घेतल्याने ज्यांचे जर्मन नागरिकत्व गेले, त्यांचे वंशज तिच्यात बसतात. भारतीयाशी लग्न केलेल्या निर्वासित आजीच्या नातवंडांनी ही तरतूद नीट वाचावी. दोन्ही अर्जांना फी नाही. ऑस्ट्रियाची अशीच तरतूद १ सप्टेंबर २०२० पासून आहे, तिलाही फी नाही.

इथे दोन गोष्टींत पैसा आणि मनस्ताप वाचतो. पहिली, अपॉस्टिल. परराष्ट्र मंत्रालयाचे शुल्क कागदामागे ५० रुपये, वर एजन्सीचा आकार, आणि त्याआधी राज्य पातळीवरचे साक्षांकन. पण भारताच्या अपॉस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे भारतीय अपॉस्टिलचा जर्मन कामात उपयोग होत नाही. एजंट मात्र ‘सगळ्या कागदांना अपॉस्टिल’ असे बिल लावून मोकळे होतात. कोणता कागद कोणत्या रूपात हवा ते मुंबईच्या जर्मन वकिलातीला लेखी विचारा आणि तेवढाच खर्च करा.

दुसरी गोष्ट मोठी आहे. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की १९५५ च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो, शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळते, भारतात अर्ज केल्यास त्याची फी १५,००० रुपये. घरात शेतजमिनीचे व्यवहार असतील तर वकिलाचा सल्ला अर्जाआधी घ्या. हा निर्णय कागद जमवता जमवता आपोआप होऊ देऊ नका.

प्रत्यक्ष जायचेच असेल तर प्रौढांना शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, शिवाय केंद्राचा आकार आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. बहुतेकांना कागदांसाठी जायची गरज नसते. जायचे ते गाव आणि स्मारके पाहायला, आणि त्याचे मोल ज्याने त्याने ठरवावे.

आपल्याकडचे कागद

युरोपात शोधताना इथले विसरतात. निर्वासितांचे व्हिसा, छावण्या, सुटका, नागरिकत्वाचे अर्ज यांच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून सूची बघता येते. बऱ्याच फायली स्कॅन केलेल्या आहेत. मुंबई इलाख्याचे गृह खात्याचे कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात आहेत. तिथे जाताना ओळखपत्र, संस्थेचे किंवा स्वतःचे विनंतीपत्र आणि नावांची यादी न्या. लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत आणि क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ब्रिटनमध्ये अटकेत ठेवलेल्यांची कार्डे. दोन्हीकडे वाचकाचे कार्ड फुकट मिळते. लंडनला शिकणारे कोणी ओळखीचे असेल तर त्यांच्याकडून मोबाइलवर फोटो काढवून घ्या, हाच सर्वांत स्वस्त मार्ग.

भरपाईच्या नावाखाली फसवणूक होते, तिचाही उल्लेख हवा. १९५१ मध्ये स्थापन झालेली क्लेम्स कॉन्फरन्स ही संस्था हयात पीडितांचे दावे हाताळते आणि अर्जासाठी पैसे घेत नाही. ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारा फोन किंवा संदेश आला तर तो त्या संस्थेचा नाही. आधार, पॅन, बँकेचा तपशील कोणालाही पाठवू नका.

आणि घरातच कागद असतील, म्हणजे ज्यू असल्याची खूण म्हणून लाल ‘जे’ उमटवलेला पासपोर्ट, रेड क्रॉसचे २५ शब्दांचे पत्र, जहाजाचे तिकीट, तर मूळ कागद कुरियरने कुठेही पाठवू नका. प्लास्टिकच्या चकचकीत पाकिटातून काढून साध्या कागदी लिफाफ्यात ठेवा, सेलोटेप लावू नका, दोन्ही बाजू स्कॅन करा. याद वाशेममध्ये मृत नातेवाइकाच्या नावाने साक्षपत्र भरता येते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि नातेवाईक नसलेल्या ओळखीच्या माणसालाही ते भरता येते. जन्मगाव, आईचे माहेरचे नाव, युद्धापूर्वीचा पत्ता, धंदा, एखादा फोटो, जे माहीत असेल तेवढे लिहा, नसेल ते कोरे सोडा. भरण्यापूर्वी त्यांच्या सूचीत ते नाव आहे का ते एकदा पाहा. असले तरी तुमच्याकडे जास्तीचा तपशील असेल तर नवे पत्र स्वीकारले जाते.